नावं चार, रंग एकच
नमस्कार मंडळी. मी कॉलेजात शिकवतो, आणि ग्रुप प्रोजेक्ट म्हटलं की आमच्याकडे ठरलेलं रडगाणं असतं, सर सगळं मी एकट्यानंच केलं, बाकीच्यांनी नुसती नावं घातली. पूर्वी खरंखोटं काही कळायचं नाही. आता गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी उघडली की कोणी कधी काय टाइप केलं, काय खोडलं, सगळं दिसतं, प्रत्येकाचा रंग वेगळा.

तर गेल्या वर्षी एका ग्रुपचा रिपोर्ट उघडला, नावं चार आणि रंग एकच, तोही रात्री पावणेबाराचा. तिघांचे मार्क कापायला बसलोच होतो, पण बरं झालं आधी बोलावलं. होस्टेलच्या खोलीत लॅपटॉपच एक, चौघं कॉटवर दाटीवाटीनं बसून भांडत भांडत वाक्यं जुळवत होते. लॉगमधे बोटं एकाचीच दिसणार ना!

पण म्हणून डेटा फेकून द्यायचा का, तर नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत जेकब मोरेनो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते, ते शाळेतल्या पोरांना विचारायचे की तुला शेजारी कोण बसलेलं आवडेल, आणि त्या उत्तरांच्या रेघा कागदावर काढायचे, प्रत्येक पोरगं म्हणजे एक टिंब. ऑस्ट्रेलियात वुलन्गॉन्ग युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी स्नॅप नावाचं टूल केलं, ते हेच चित्र ऑनलाइन चर्चेवरून काढायचं, कोणी कोणाला उत्तर दिलं त्यावरून. मी मागे माझ्या वर्गाचं तसं चित्र हातानंच काढून पाहिलं, मूडलवरची, म्हणजे आमच्या ऑनलाइन वर्गावरची, चर्चा समोर ठेवून. मधोमध कोण निघालं? मीच. सगळ्या रेघा माझ्याकडे, पोरांची आपापसात जेमतेम दोनचार, मला वाटत होतं काय झकास चर्चा चाललीय! आणि कडेला तीन टिंबं, एकही रेघ नसलेली. माझ्या मते ॲनालिटिक्सचा, म्हणजे पोरांच्या अशा ऑनलाइन नोंदी चाळण्याचा, खरा उपयोग इथं आहे, मार्क कापायला नाही, ती तीन पोरं सत्र संपायच्या आत दिसली हे महत्त्वाचं. मग मी पहिले दोन दिवस उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं, जीभ चावत गप्प बसलो, आणि रेघा वाढल्या की हो.

आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर आता कोणी काय केलं ते चौघांना लिहायला लावतो. परवा एका ग्रुपनं लिहिलं होतं, आयडिया तिची, टायपिंग माझं, आकडे त्याचे, चहा चौथ्याचा. चौथ्याला बोलावलंय उद्या.