पावाच्या तुकड्यावर शिकलेली अक्षरं

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘ऐतिहासिक कादंबरीतलं खडतर बालपण आणि काळ्या-गोऱ्या मुलांची मैत्री’. कादंबरीपर्यंत मी येणार आहे. पण आधी एका खऱ्या मुलाची गोष्ट सांगते. इतिहास शिकवत होते तेव्हा दरवर्षी आठवीच्या वर्गाला ही सांगायचे, अभ्यासक्रमात नव्हती तरी. मागच्या रांगेत माझे दोन जुने विद्यार्थी बसलेत, ते आत्ताच एकमेकांकडे बघून हसले. त्यांना पाठ असणार. त्यांनी पुढचं सांगून टाकू नये, एवढीच विनंती.

मुलाचं नाव फ्रेडरिक. आडनाव डग्लस त्यानं नंतर घेतलं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १८१८च्या सुमाराला जन्मला. सुमाराला म्हणते, कारण गुलामाच्या पोराची जन्मतारीख लिहून कोण ठेवणार? गोऱ्या मुलांना आपलं वय सांगता येतं आणि आपल्याला नाही, ही त्याच्या लहानपणीची बोच आहे. आई बारा मैलांवरच्या दुसऱ्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम उरकून रात्री चालत यायची, लेकराला कुशीत घेऊन झोपवायची आणि हा जागा व्हायच्या आत निघून गेलेली असायची, कारण सूर्य उगवायला शेतावर हजर नसलं की चाबूक. आईला आपण उभ्या आयुष्यात चार-पाच वेळाच पाहिलं असं तो पुढं आत्मचरित्रात लिहितो, आणि तेही अंधारात. थंडीत अंगावर गुडघ्यापर्यंतचा सदरा, बाकी काही नाही. मग गिरणीवर मका न्यायचं पोतं चोरायचं, त्यात डोकं खुपसून झोपायचं, पाय बाहेर. थंडीनं पायांना भेगा पडल्या होत्या. लिहीत असताना तो म्हणतो की हातातली ही लेखणी त्या भेगांत मावली असती.

दुसरं एखादं वाक्य मी विसरेन, हे विसरत नाही. लिहिता येऊ लागलेला माणूस लेखणीनं आपल्या पायाची भेग मोजतोय.

तर हा मुलगा १८२६मध्ये बाल्टिमोर शहरात आला, मालकाच्या नात्यातल्या ऑल्ड कुटुंबाकडे. घरची बाई, सोफिया ऑल्ड, हिनं आपणहून त्याला अक्षरं शिकवायला घेतली. तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत मजल गेली आणि नवऱ्याला कळलं. त्यानं धडे बंद केले. हा वाचायला शिकला की गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असं बायकोला फ्रेडरिकच्या देखत सांगितलं. पोरगं ऐकत होतं. त्याला त्या दिवशी कळलं की नेमकं काय मिळवायचंय.

आता बघा हं, इथून माझी आवडती जागा. घरातली बाई शिकवेना, तर त्यानं गल्लीतली पोरं धरली. गोरी, गरीब, फाटकी पोरं. बाजारातून काही आणायला पाठवलं की पुस्तक बरोबर न्यायचं, काम धावत उरकायचं आणि वाचलेल्या वेळात एखाद्या पोराला गाठून धडा घ्यायचा. आणि खिशात पाव. मालकाच्या घरी पावाला तोटा नव्हता, याला हवा तेवढा घेता यायचा. गल्लीतली गोरी पोरं मात्र भुकेली. गुलामानं भाकर द्यायची आणि स्वतंत्र पोरानं अक्षर द्यायचं! आठवीतली मुलं इथं हमखास विचारायची, “बाई, मग गरीब कोण?” त्याचं उत्तर मी कधी दिलं नाही. तुम्हालाही देत नाही.

पुढं लिहायला शिकला त्याची तऱ्हा याहून भारी. गोदीत सुतार लाकूड तासून झालं की ते जहाजाच्या कुठल्या बाजूचं आहे त्याची खूण म्हणून एक-दोन अक्षरं लिहायचे. ती यानं टिपली. मग भेटेल त्या पोराला म्हणायचं, मला तुझ्याएवढं लिहिता येतं. पोरगं म्हणणार, दाखव. हा येतात तेवढी चार अक्षरं काढणार. पोरगं याला हरवायला आणखी अक्षरं काढणार. झाला धडा! पाटी म्हणजे कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत आणि फरसबंदी, लेखणी म्हणजे खडूचा खडा.

याला मी मैत्री म्हणते, नुसता व्यवहार म्हणत नाही. कारण तो त्या पोरांशी मनातलं बोलायचा. तुम्ही एकविसावं लागलं की मोकळे, मी जन्माचा गुलाम, असं म्हणायचा आणि पोरांचा चेहरा उतरायचा. काहीतरी होईल, तूही सुटशील, अशी त्याची समजूत घालायची. ही बारा-तेरा वर्षांची पोरं! १८४५मध्ये त्यानं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्यांची राहायची गल्ली सांगितली, फिल्पॉट स्ट्रीट. नावं मात्र दिली नाहीत. मला त्याचा त्रास नाही, पण गुलामाला वाचायला शिकवलं हे कळलं तर त्यांची पंचाईत होईल, म्हणाला. मंडळी, हा माणूस तेव्हा कायद्यानं स्वतःच पळपुटा गुलाम होता. १८३८मध्ये पळालेला, पकडून परत नेण्याची टांगती तलवार डोक्यावर. आणि काळजी कोणाची, तर आपल्याला अक्षरं शिकवणाऱ्या गोऱ्या पोरांची.

गोष्ट इथं थांबवली की टाळ्या मिळतात. मी वर्गात कधी थांबवली नाही. १८३६च्या सुमाराला हाच फ्रेडरिक बाल्टिमोरच्याच गोदीत उमेदवारी करत होता, म्हणजे हाताखाली राहून काम शिकत होता. काळे कारागीर आपली रोजी खातील, मजुरी पाडतील, या धास्तीनं गोरे सुतार बिथरलेले. गोऱ्या उमेदवारांनी याला घेरून मारलं. एक डोळा जाता जाता वाचला. पन्नासएक गोरे सुतार उभे राहून बघत होते. एकानंही “पुरे” म्हटलं नाही. पाव खाणाऱ्या पोरांपैकी कोणी तिथं होतं असं त्यानं कुठं लिहिलेलं नाही, आणि मीही सुचवत नाही. पण वय तेच, वस्ती तीच. पोरवयात एका फळीवर लिहिणारे हात मजुरीच्या वयाला आले की काय होतं, ते त्या गोदीत दिसतं.

हे सगळं कशासाठी सांगतेय? माझी एक जुनी तक्रार आहे, त्यासाठी. लहानपणी मी हकलबरी फिनची संक्षिप्त गोष्ट वाचली. मार्क ट्वेनची ही कादंबरी १८८४ची, पण काळ गुलामगिरी चालू असतानाचा. म्हणजे तीही ऐतिहासिक कादंबरीच. हकचा बाप दारुडा, पोराला झोपडीत कोंडून मारणारा. पोरगं पळतं, जिम नावाचा गुलाम पळतो, दोघांची बेटावर गाठ, मग तराफ्यावरचा प्रवास. एका रात्री धुक्यात दोघांची चुकामूक होते. जिम हाका मारून मारून थकतो आणि झोपी जातो. हक परत येतो आणि तुला सगळं स्वप्नच पडलं म्हणून त्याची थट्टा करतो. माझ्या पुस्तकात इथं दोघं खो खो हसतात आणि प्रकरण संपतं. मोठेपणी मूळ पुस्तक वाचलं आणि अंगावर काटा आला. तिथं जिम हसत नाही. तू मेलास असं वाटून माझं काळीज फाटलं आणि तुला माझी फजिती करायची सुचली, असं सुनावून आत निघून जातो. एका काळ्या माणसाची माफी मागायला मनाची तयारी व्हायला हकला पंधरा मिनिटं लागतात. पण तो मागतो, आणि नंतर त्याला पस्तावा होत नाही. ती पंधरा मिनिटं माझ्या पुस्तकातून कुणीतरी कापली होती! मुलांना कंटाळा येईल म्हणून कापली असतील. अहो, सगळी कादंबरी त्या पंधरा मिनिटांत आहे. ज्यानं कापली त्याच्याशी मी मनातल्या मनात साठ वर्षं भांडते आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली. बरं, मग मूळ मुद्दा भराभर सांगते.

मुद्दा असा, की काळ्या-गोऱ्या मुलांच्या मैत्रीची कादंबरी हाती आली की मी आधी बघते, या मैत्रीचा भुर्दंड कोणी भरला आणि लेखकानं त्याचा हिशेब ठेवला का. हकच्या कादंबरीत शेवटी तो हिशेब ढिला पडतो. जिमच्या मालकिणीनं मरताना त्याला मोकळं केलेलं असतं, हकचा मित्र टॉम सॉयर, त्याला ते ठाऊक असतं, तरी तो सुटकेचं नाटक रंगवतो. टॉमला मजा येते आणि कोंडलेला असतो जिम. पर्सिव्हल एव्हरेटनं २०२४मध्ये हीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगणारी ‘जेम्स’ ही कादंबरी लिहिली. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. ती जरूर वाचा. आज तिच्यावर बोलायला वेळ नाही.

मला बोलायचं होतं ते मिल्ड्रेड टेलर यांच्या कादंबरीवर, ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’. १९७६ची. काळ १९३३, मिसिसिपी राज्य, कापसाचा मुलूख. बहुतेक काळी कुटुंबं गोऱ्यांची जमीन अर्धेलीनं करणारी. लोगन कुटुंबाची स्वतःची जमीन आहे, आणि ती टिकवायची धडपड. काळ्या मुलांची शाळा मार्चमध्ये बंद होते, कारण हात शेतावर लागतात. लोगनांच्या सहा वर्षांच्या लिटल मॅनला पहिलं पुस्तक मिळतं, मळकं, फाटकं. आत तक्ता आहे : कोणत्या वर्षी, कोणत्या अवस्थेत, कोणत्या वंशाच्या मुलाला दिलं. अकरा वेळा गोऱ्यांना. बाराव्या नोंदीत अवस्था ‘अगदी खराब’, आणि पुढं काळ्यांसाठीचा हिणकस शब्द. पोरगं ते पुस्तक जमिनीवर आपटतं, त्यावर नाचतं आणि मार खातं. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती पुस्तकं घेते आणि त्या तक्त्यांवर कोरा कागद चिकटवते. आपल्या जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर साठ वर्षांनी तिथल्या शाळेत काय चाललं होतं, ते या एका पानावर वाचायला मिळतं.

आणि याच कादंबरीत जेरेमी सिम्स नावाचा गोरा मुलगा आहे. तो रोज वाटेत लोगन मुलांची वाट बघतो आणि त्यांच्याबरोबर चालतो. त्यापायी त्याच्या हातावर वळ उठलेले असतात. म्हणजे भुर्दंड तोही भरतो, टेलर ते लपवत नाहीत. नाताळात तो लोगनांच्या बारा वर्षांच्या स्टेसीसाठी स्वतःच्या हातानं केलेली बासरी घेऊन येतो. स्टेसीचा बाप त्याला हाकलत नाही. पण नंतर मुलाला जवळ घेऊन समजावतो : आपल्या इथं काळ्या-गोऱ्यांची मैत्री बरोबरीची नसते, आज तो तुझा मित्र आहे, उद्या तो स्वतःला बाप्या समजेल आणि तुला पोरच समजत राहील, जेरेमी तसा होणार नाही कदाचित, पण चूक झाली तर महागात आपल्याला पडेल. हा बाप जेरेमीला वाईट म्हणत नाही. आपल्या लेकालाही खोटी आशा लावत नाही. असा बाप मी दुसऱ्या कुठल्या बालकादंबरीत वाचला नाही.

स्टेसी ती बासरी बराच वेळ हातात धरून बसतो. मग फेकत नाही आणि वाजवतही नाही. पलंगाखाली त्याची जिवापाड जपलेल्या वस्तूंची पेटी असते, तिच्यात ठेवून देतो.