जामीन मिळाला, तरी माणूस आतच! तुरुंग, कोर्ट आणि आपल्या सांगली-साताऱ्याच्या संस्था

नमस्कार मंडळी, बरंय ना सगळं? आजचा विषय असा आहे की व्ह्यूज पडणार याची मला आधीच खात्री आहे, तरी घेतलाय. गुन्हेगारीवर काम करणाऱ्या संस्था. म्हणजे तुरुंगातल्या माणसांसाठी, पीडित बायकांसाठी, नादाला लागलेल्या पोरांसाठी राबणारी माणसं. आपल्याकडं संस्था म्हटलं की रक्तदान, वह्यावाटप, झाडं लावणं, आणि कृष्णेला पूर आला की किट. त्याला पावती फाडायला आपण तयार असतो. पण कैद्यांसाठी दोनशे रुपये द्या म्हटलं की समोरचा लगेच, "केलंय ते भोगू देत की, आपण कशाला मधे पडायचं."

बरं, पण "केलंय" हे ठरवलं कुणी? एनसीआरबी म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणारा केंद्राचा विभाग, त्यांचे २०२२ चे आकडे आहेत, देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. कच्चा कैदी म्हणजे ज्याची केस अजून चालूच आहे, कोर्टानं दोषी म्हटलेलंच नाही असा माणूस. चारातले तीन! आणि जागा किती माणसांची होती, तर ४ लाख ३६ हजारांची. आता हे आकडे ऐकून लोक म्हणतात की जामीन मिळत नसेल, वकील चांगला नसेल. तसंही असतंच, पण एक मोठा गट असा असतो ज्यांना जामीन मिळालेला असतो आणि तरी ते आतच असतात, आणि माझं म्हणणं आहे की संस्थांचं खरं काम इथंच असतं, बाकीचं सगळं पोस्टरवर टाकायला असतं.

समजा कुपवाड एमआयडीसीत बिहारचा एक पोरगा कामाला आहे, वर्कशॉपमधनं तांब्याची वायर चोरली असा त्याच्यावर आळ आला. कोर्ट म्हणतं ठीक आहे, पंधरा हजाराचा जामीन, एक लायक जामीनदार. झालं, आपल्याला वाटतं सुटला. आता हा जामीनदार आणायचा कुठनं? त्याच्या नावावर सातबारा पाहिजे नाहीतर घराचा उतारा, आधार, रेशनकार्ड, फोटो, वर कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, याआधी किती जणांना जामीन राहिलोय त्याचं लिहून दिलेलं, आणि हे सगळं घेऊन दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसायची तयारी, म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. गाववाला असेल तर मामा, मेव्हणा कुणीतरी उभा राहतो. परगावच्या पोराला कोण राहणार? मालक फोन उचलत नाही, खोलीमालकानं पिशवी बाहेर ठेवलेली, आधार कार्ड त्या पिशवीत, मोबाईल मुद्देमालात जप्त, आणि घरचा नंबर कुणाला पाठ असतो हो आजकाल? मग एक तर हा पोरगा आत बसतो, नाहीतर कोर्टाच्या आवारात खोट्या सातबाऱ्यावर जामीन उभे करणारे जे फिरत असतात त्यांच्या हाती लागतो, आणि पुढं ते उघडकीला आलं की अजून एक केस.

आणि हे काय आजचं नाही. १९७८ ला सुप्रीम कोर्टात मोतीराम म्हणून मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची केस झाली. खालच्या कोर्टानं दहा हजाराचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहायला तयार होता तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाही म्हटलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजार रुपयाच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे स्वतःच लिहून द्यायचं, जामीनदार नको. म्हणजे ही गोष्ट तेव्हाच सांगून झालेली होती. तरी २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं, की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलरनं विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसला, कळवायचं, महिना झाला तरी जामीनदार मिळत नसेल तर कोर्टानं अट सैल करायचा विचार करायचा, आणि जामीनदार स्थानिकच पाहिजे हा हट्ट धरायचा नाही. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली, त्यात तेव्हा जामिनाचे पैसे भरायला ४० हजारापर्यंत आणि दंड भरायला २५ हजारापर्यंत मदत ठरली, कलेक्टरच्या पातळीवरची कमिटी ते ठरवते.

तुम्ही म्हणाल मग झालं की, कायदा आहे, योजना आहे, संस्था कशाला? अहो, फॉर्म कोण भरणार! त्या पोराशी आत जाऊन बोलणार कोण, गावाकडच्या ग्रामपंचायतीत फोन लावून बापाला शोधणार कोण, खोलीमालकाकडनं पिशवी आणणार कोण? पोलिसांचं काम पकडण्यापर्यंत, कोर्टाचं काम ऑर्डरपर्यंत, मधली जागा रिकामी. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून हेच करतोय, पोलीस स्टेशन, तुरुंग, कोर्ट इथं सोशल वर्कर बसवायचे. काम बघायला गेलात तर इतकं कंटाळवाणं आहे की रील बनवता येत नाही. फोन, झेरॉक्स, तारीख, परत फोन.

आणि हो, नवीन कायद्यातली एक गोष्ट पाठ करून ठेवा. १ जुलै २०२४ पासून जे नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यात बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर कोर्टानं बॉण्डवर सोडायचं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे वर्षभरात. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि अंगावर एकापेक्षा जास्त केस असतील तरी अडतं. अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकांची आहे, पण दिवस मोजणारं कुणीतरी बाहेर असलं की तो अर्ज वेळेत होतो, एवढं खरं.

सांगलीच्या जेलची आपल्याला खरं म्हणजे एकच गोष्ट माहिती, २४ जुलै १९४३, वसंतदादा आणि त्यांचे साथीदार जेल फोडून निघाले, कृष्णेकडं पळाले, दादांच्या खांद्याला गोळी लागली. शाळेपासून ऐकतोय, ऐकताना छाती फुगते. पण त्या जेलमधे आज जे आहेत त्यांचं काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट आटपाडीची, आणि ती मला जास्त भारी वाटते. १९३९ साल. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, तेच ते सूर्यनमस्कारवाले, आणि त्यांच्याकडं आलेले पोलंडचे एक इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन, ज्यांना लोक भारतानंद म्हणायचे. यांनी शिक्षा झालेल्या कैद्यांना माळावर नेऊन सोडलं. भिंत नाही, साखळदंड नाही. शेती करा, बायकापोरं आणा, इथंच राहा. गावाचं नाव स्वतंत्रपूर. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' सिनेमा यावरच सुचलेला, आणि तो लिहिणारे गदिमा आपल्या माणदेशाचेच. सिनेमा सगळ्यांना माहिती, स्वतंत्रपूर कुठं आहे विचारलं तर आटपाडी सोडून बाकी जिल्ह्याला सांगता येत नाही. खुलं कारागृह ही कल्पना आपण बाहेरच्या देशांचे व्हिडिओ बघून बघून कौतुकानं शेअर करतो, विट्यापासून तासाभराच्या आत ती आपल्याकडं झालेली आहे!

बरं, आता जरा वेगळ्या बाजूला. गुन्हा होऊच नये म्हणून काय चालतं. साताऱ्याचं नाव घ्यावंच लागेल. ॲडव्होकेट वर्षा देशपांडे, दलित महिला विकास मंडळ, लेक लाडकी अभियान. गर्भलिंग तपासणीचा कायदा १९९४ चा, पण बंद दाराआड चाललेली गोष्ट पकडायची कशी? यांनी स्टिंग केले. एखादी गरोदर बाई स्वतःहून तयार होते, नोटांचे नंबर आधी लिहून ठेवायचे, पंच तयार, ती आत जाते, डॉक्टर पैसे घेऊन काय ते सांगतो, आणि मग पथक आत. हे वाचायला थरारक वाटतं, पण खरी कसोटी नंतर असते, कारण त्या बाईला पुढं वर्षानुवर्षं कोर्टात साक्षीला उभं राहायचं असतं, तोवर मूल शाळेत गेलेलं असतं, सासरचे म्हणतात बास झालं आता. तिला धरून ठेवणं हे संस्थेचं काम. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला, साताऱ्यात किती फ्लेक्स लागले ते तुम्हीच सांगा.

नरेंद्र दाभोलकरही साताऱ्याचेच. लोकांना त्यांची अंनिस, अंधश्रद्धा निर्मूलन समिती, माहिती, पण त्यांनी साताऱ्यात परिवर्तन हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं ते कमी जणांना माहिती. आणि जादूटोणाविरोधी कायदा, जो २०१३ ला त्यांच्या खुनानंतर आला, तो मुळात एका संस्थेनं वर्षानुवर्षं रेटलेला कायदा आहे. व्यसनाचा विषय निघालाच आहे तर, २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधनं एमडी हे ड्रग पकडलं, आठवत असेल. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ म्हणून कलम आहे, थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला थांबू शकतो. पोरगं सापडलं की आईबाप आधी "ओळखीचा साहेब" शोधतात, हे कलम कुणी शोधत नाही.

आता थोडं अवघड. सांगलीत 'संग्राम' ही संस्था आहे, १९९२ पासूनची, मीना सेशू यांची, आणि तिच्यातनं उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, वॅम्प म्हणतात तिला. धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना. यांचं म्हणणं बऱ्याच लोकांना पचत नाही. ते म्हणतात की धाड टाकून "सुटका" केली म्हणून जे फोटो येतात, त्यातल्या सज्ञान बायकांना कुणी विचारलेलंच नसतं, आणि त्या महिनोन्‌महिने सुधारगृहात अडकतात, त्यांची पोरं इकडं. अल्पवयीन मुलगी असेल तर विषयच वेगळा, तिथं वादच नाही. पण सज्ञान बाईबाबत मे २०२२ मधे सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की कोठ्यावर धाड पडली तर स्वतःच्या मर्जीनं हे काम करणाऱ्या बाईला अटक करायची नाही, त्रास द्यायचा नाही. मला विचाराल तर मला आधी हे पटत नव्हतं असं नाही, मला यावर विचारच करायचा नव्हता. पण ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांनाच विचारून काम करणं, ही पद्धत बाकीच्या संस्थांनी इथनं उचलण्यासारखी आहे.

वॅम्पनं वस्तीतली भांडणं मिटवायला स्वतःच्या तंटामुक्ती समित्याही केल्या. तंटामुक्ती म्हटलं की आबा! अंजनीचे आर. आर. पाटील, १५ ऑगस्ट २००७, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. बांधाची भांडणं, भाऊबंदकी, यात तिनं चांगलं काम केलं. पण मारहाण झालेल्या सुनेला चावडीवर बसवून "मिटवून टाका" म्हणणं, याला मी गुन्हेगारी कमी करणं म्हणणार नाही. आकडा कमी होतो, मार कमी होत नाही. त्या बाईसाठी महिला विशेष सहाय्य कक्ष आहे, पोलिसांच्या आवारातच सोशल वर्कर बसतात, १९८४ ला टाटा संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला प्रयोग, आता राज्यभर आहे.

पोरांचंही पटकन सांगतो. कोयता हातात घेऊन रील टाकणारं सोळा वर्षांचं पोरगं पकडलं की ते बाल न्याय मंडळापुढं जातं, तिथं एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यात किमान एक बाई पाहिजेच. निरीक्षणगृह सरकार चालवतं किंवा संस्थाही चालवू शकते. तिथं एक सुतारकाम शिकवणारा, एक समुपदेशक दिलात तर कोट्यवधीच्या सीसीटीव्हीपेक्षा जास्त उपयोग होईल असं माझं मत आहे, भांडा कमेंटमधे.

आता पैसे द्यायचे असतील तर. "क्राइम कंट्रोल", "ह्यूमन राइट्स", "अँटी करप्शन" अशी नावं, ओळखपत्रावर अशोकस्तंभासारखं काहीतरी, गाडीला लाल-निळा स्टिकर, आणि पाच हजारात "जिल्हा उपाध्यक्ष". यांना संस्था म्हणू नका, हे टोलनाक्यावर दाखवायचं कार्ड आहे. खऱ्या संस्थेला विचारा की धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर काय, मागच्या वर्षीचा ऑडिट दाखवा. आणि सगळ्यात भारी प्रश्न, मागच्या महिन्यात तुम्ही कोर्टात किती तारखांना गेलात? उत्तर देताना चाचपडले की समजा. देणगीवरची टॅक्सची सूट, ८०-जी म्हणतात ती, पाहिजे तर दोन हजारावर रोख देऊ नका, यूपीआय नाहीतर चेक, आणि नवीन टॅक्स रिजीममधे ती सूट मिळतच नाही, हे सीएला विचारायच्या आधीच सांगून ठेवतो.

पैसे नाहीत, वेळ आहे? जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. वकिली शिकलेली असायची अट नाही, रिटायर्ड मास्तर, अंगणवाडी सेविका, कॉलेजची पोरं, सगळे चालतात, दिवसाचं मानधनही आहे. आणि इनबॉक्समधे कायम येणारा प्रश्न, "दादा, भावाला पोलिसांनी उचललंय, वकिलाला पैसे नाहीत." अटकेत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ चा कायदा आहे. नंबर स्क्रीनवर टाकलाय, १५१००. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात, त्याच्या आत फोन लावा.