मनन हे तोंडाचं काम

बंधुभगिनींनो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘धावपळीच्या जीवनात दररोजची उपासना आणि आत्मिक नवीकरण’. नवीकरणाकडे येतोच, पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. तो शब्द म्हणजे मनन.

मनन म्हटलं की आपल्याला दिसतं ते पहाटेच्या शांततेत, दार लावून, डोळे मिटून बसलेलं माणूस. म्हणजे ज्याच्याकडे वेळ आहे असं माणूस. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात धार्मिक माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचं, म्हणजे देवानं दिलेल्या आज्ञांचं, मनन करतो, तिथं मूळ हिब्रू क्रियापद आहे ‘हागा’. ते तोंडाचं क्रियापद आहे. पुटपुटणं, गुणगुणणं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात 38:14 मध्ये पारवा घुमतो, तिथं हेच क्रियापद. 31:4 मध्ये शिकारीवर उभा सिंह गुरगुरतो, तिथंही हेच. मोशेनंतर इस्राएलाचा पुढारी झालेल्या यहोशवाला देव सांगतो की हे नियमशास्त्र तुझ्या मुखातून जाऊ देऊ नको, आणि लगेच पुढे मनन कर म्हणतो. तेव्हा यहोशवा काय निवांत होता? अख्खं राष्ट्र बरोबर घेऊन यार्देन नदी ओलांडायच्या तयारीत होता!

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. जात्यावर बसलेल्या बाईचे हात गुंतलेले, तोंड मोकळं. ओवी तिथं रुजली. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, तिथल्या साष्टीत राबले, आणि 1616 साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं, तेही ओवीत. जवळपास 11 हजार ओव्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांनी आपल्याला अभंग आणि भजनं दिली. आपलं गीतांचं पुस्तक ‘उपासना संगीत’ न उघडता टिळकांच्या एखाद्या गीताचं पहिलं कडवं कोण म्हणेल? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. आणि 121 वं स्तोत्र पूर्ण? आठच वचनं आहेत. हं, आता हात खाली आले. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे.

याचं एक कारण सांगतो. दर जानेवारीत आपण वर्षभरात बायबल संपवायचं ठरवतो. अध्याय 1,189. रोज 3 आणि रविवारी 5, म्हणजे आठवड्याला 23. हिशोब बरोबर बसतो. पहिली दोन पुस्तकं, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय, चार आठवड्यांत होतात. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झालेली असतात, जानेवारी संपता संपता यज्ञांच्या नियमांचं लेवीय हे पुस्तक येतं, आणि वाचनाची खूण तिथंच अडकते. मग दोन दिवस चुकतात, सहा अध्याय साचतात, शनिवारी ते भराभर उरकले जातात, पुढच्या आठवड्यात नऊ साचतात. शेवटी पुस्तक उघडायचीच लाज वाटते. लेवीय वाचायलाच हवं, पण लोकलमध्ये एका पायावर उभं राहून नव्हे. त्या उभ्या माणसाला तोंडात काहीतरी हवं, पाठ केलेलं.

तर पाठांतर कसं करायचं? 23 व्या स्तोत्रापासून सुरुवात करा. सहा वचनं आहेत. सोमवार ते शनिवार रोज एक. अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वचन स्वतःच्या हातानं लिहा. पाच वेळा मोठ्यानं वाचा, कागद उलटा करून पाच वेळा म्हणा. दुसऱ्या दिवशी आधी कालचं, मग आजचं. रविवारी नवं काही नाही, सगळं सलग. पुढे आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, आणि नंतर महिन्यातून एकदा उजळणी.

बिघडतं कुठं तेही ऐका. दोन भाषांतरं मिसळू नका. जुन्या आवृत्तीतला ‘करिता’ आणि नव्यातला ‘करता’ एवढ्यावरसुद्धा जीभ अडखळते. दुसरं, आपण नेहमी पहिल्या वचनापासून म्हणतो, म्हणून सुरुवात पक्की आणि मधला भाग कच्चा. एखाद्या दिवशी चौथ्यापासून सुरू करा. तिसरं, तुटतं ते दोन वचनांच्या सांध्यावर. म्हणून एका वचनाचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला शब्द जोडूनच पाठ करा.

‘पण हे पोपटासारखं नाही का होणार?’ होतं, आणि त्यावर उपाय त्याच स्तोत्रात आहे. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि तिथं ‘तो’चा ‘तू’ होतो. तू माझ्याबरोबर आहेस. संकटात शिरताच देवाविषयीचं बोलणं देवाशी बोलणं होतं! इथं पोचलात की थांबा. आज आपली दरी कोणती, कुणाचं आजारपण, कुठलं कर्ज, ते नाव घेऊन सांगा आणि मग पाचवं वचन म्हणा. त्या दिवशी ते पोपटाचं राहत नाही.

पाळकसाहेब घड्याळ दाखवताहेत. नवीकरणाचं राहिलंच, थोडक्यात सांगतो.

नव्या कराराचे अध्याय 260. आठवड्याला पाच धरले तर बरोबर 52 आठवडे. दोन दिवस मोकळे ठेवा, आजारपणाला आणि पाहुण्यांना. मार्कापासून सुरू करा, 16 च अध्याय आहेत.

दिवस चुकला तर साठलेलं भरून काढू नका. आजच्या अध्यायापासून पुढे चला. निर्गम 16 मधला मान्ना आठवा, रानात देवानं रोज दिलेलं अन्न. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा होता, सातवा विसाव्याचा म्हणून. तसा आपला रविवार विसाव्याचा ठेवा, त्या दिवशी दुकानाचे हिशोब करत बसू नका.

कौटुंबिक उपासना सात मिनिटांची ठेवा. एक कडवं, पाच वचनं, एक प्रार्थना. प्रार्थना आळीपाळीनं, मुलांनीसुद्धा. फोन दुसऱ्या खोलीत.

मार्क 6:31 मध्ये शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि प्रभू त्यांना म्हणाला, चला, थोडा विसावा घ्या. त्यावर अर्धा तास बोलायचं होतं, ते पुढच्या वेळी.

आता उभे राहू या. पुस्तकं मिटा. 121 वं स्तोत्र, पहिलं वचन, माझ्यामागून, मोठ्यानं.