पडलेला दात आणि दुधाची पिशवी

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेत पालक आणि शिक्षकांसमोर एका बालदंतवैद्यांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. माझ्यासमोर टेबलावर दोन वस्तू आहेत. एक अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी, कोपऱ्यावरच्या डेअरीतून येताना घेतली. आणि हा एक खरा दात, उपचारासाठी काढावा लागलेला. आज जे सांगायचं आहे ते या दोन वस्तूंमध्येच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत आठ वर्षांचा मुलगा सायकलवरून तोंडावर आपटला. वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर पडला. त्याच्या आईने वाळूत हात घालून दात शोधला. नळाखाली धरला, साबण लावून घासून घासून धुतला, कोरडा केला, टिश्यूपेपरात गुंडाळला, मुलाच्या कंपासपेटीत ठेवला आणि रिक्षा पकडली. संध्याकाळी साडेसहाला त्या रस्त्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडे पोहोचेपर्यंत सव्वा तास गेला. तिने पेटी उघडली. दात अगदी स्वच्छ होता, पांढराशुभ्र, आणि कोरडा ठणठणीत. मला तिला काही बोलवेना. तिने जीव लावून केलं होतं, फक्त काय करायचं ते तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून बोलावतील तिथे मी हे सांगायला जाते.

आता हा दात बघा, मागे बसलेल्यांसाठी फिरवते. वरचा चकचकीत भाग तोंडात दिसतो, खालचं पिवळसर मूळ हाडात असतं. जिवंत दाताच्या मुळावर एक अतिशय पातळ ओलसर पापुद्रा असतो. त्याचे तंतू दाताला हाडाशी बांधून ठेवतात. दात पडतो तेव्हा हे तंतू मधून तुटतात. अर्धे हाडाच्या भिंतीला राहतात, अर्धे मुळावर. मुळावरच्या पेशी जिवंत असतील तर दात पुन्हा धरतो. मात्र उघड्या हवेत, कोरड्या कागदात अर्धा तास गेला की त्यातल्या बहुतेक मेलेल्या असतात. साबणाने घासलं की त्याही आधी. नळाच्या पाण्यात ठेवलं तर त्या पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दुधात मात्र त्या काही तास तग धरतात, कारण दुधात विरघळलेल्या साखर-क्षारांचं एकूण प्रमाण आपल्या शरीरातल्या द्रवांच्या जवळचं असतं.

म्हणजे घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून निघून मला गाठेपर्यंत दाताचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हा दात मी वाचवत नाही. तो वाचवतात मैदानावरचे पीटीचे सर, सोसायटीचे वॉचमनकाका, घरात असलेली आजी. मी पुढचं काम करते.

तर काय करायचं? आधी मूल बघा, दात नंतर. मूल बेशुद्ध झालं, उलट्या होताहेत, झोपाळल्यासारखं करतंय, बोलणं अडखळतंय, तर 108 ला फोन करा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. दात दुधात टाकून सोबत न्या. मूल शुद्धीवर असेल, रडत असेल, तर दात शोधा. उचलताना वरच्या चकचकीत भागालाच धरा, मुळाला बोट लागू देऊ नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये क्षणभर हलवा. काहीच नसेल तर नळाच्या गार पाण्याखाली मोजून काही सेकंद धरा. घासायचं नाही, पुसायचं नाही. आणि तिथेच, त्याच जागी, दात पुन्हा बसवा. मुलाला स्वच्छ रुमालाची घडी दाताखाली धरायला सांगा आणि निघा.

इथे सगळ्यांचे चेहरे बदलतात, मला दिसतंय. एका शाळेतून मला असाच फोन आला होता. कबड्डीत अकरा वर्षांच्या मुलीचा दात पडलेला. सर म्हणाले, "मॅडम, दात हातात आहे, पण आत घालायची भीती वाटते. चुकलं तर?" मी म्हटलं, "सर, दात तिचाच आहे आणि जागाही तिचीच. हळूच दाबा." फोन चालूच होता. मला तिचं हुंदके देणं ऐकू येत होतं, सर तिला "झालं बाळा, झालं" म्हणत होते, आणि मग सर म्हणाले, "बसला." पाच मिनिटंही झाली नव्हती. ती माझ्याकडे आली तेव्हा दात थोडा तिरपा होता, तो सरळ केला, बारीक तारेने शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवला. तिच्या वयाला मुळाचं टोक बंद झालेलं असतं, म्हणून त्या दोन आठवड्यांतच रूट कॅनालही सुरू केलं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते तपासलं. ती मुलगी आता दहावीला आहे आणि त्याच दाताने पेरू खाते.

कंपासपेटीतला दातही मी बसवला होता, तेही सांगायला हवं. उशीर झाला तरी दात फेकू नका. पण पापुद्रा मेला की हाड मुळाला चिकटतं आणि हळूहळू मूळ खाऊन टाकतं. मुलाचा जबडा वाढत राहतो, तो दात तिथेच अडकून राहतो, शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो. त्या मुलाच्या बाबतीत तेच झालं.

बसवायचं धाडस होत नसेल, मूल बसवू देत नसेल, तर ही पिशवी. गार, साधं दूध, दात पूर्ण बुडेल इतकं. गरम नको, बदामदूध नको, ताक-दही तर नकोच, ते आंबट असतं. नारळपाण्याचं बरेच जण विचारतात. तेही आम्लधर्मी, मी सुचवत नाही. दूध नसेल तर मेडिकलमधून सलाईनची बाटली घ्या, किंवा मुलाला वाटीत थुंकायला लावा आणि त्या लाळेत दात ठेवा. आपल्याकडे दर गल्लीत डेअरी आहे, त्यामुळे दूध नव्हतं असं मला ठाण्यात तरी कोणी सांगू नये. एक सावधगिरी: मुलाला हृदयाचा गंभीर आजार असेल, किंवा चालू औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल, तर स्वतः बसवू नका, दुधातच आणा.

आणि हे सगळं फक्त पक्क्या दातासाठी. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही. त्याच्या मुळाशीच पक्क्या दाताचा कोंब असतो, आपण दाबला तर त्याला इजा होते. मग ओळखायचं कसं? पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे पुढचे दात दुधाचेच धरा. वरचे पक्के पटाशीचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, खालचे त्याच्या वर्षभर आधी. पक्का दात मोठा, किंचित पिवळसर, आणि नवा असताना त्याच्या कडेला तीन बारीक कंगोरे असतात. सहा ते आठ या वयात गोंधळ झाला तर बसवू नका, दुधात घालून आणा, मी बघून सांगेन.

दीड-दोन वर्षांची मुलं पडतात तेव्हा बऱ्याचदा दुधाचा दात बाहेर न येता हिरडीत वर घुसतो. आई म्हणते दात हरवला, आणि तो आत असतो. बहुतेक वेळा असा दात काही महिन्यांत आपोआप खाली येतो. ओढायला जाऊ नका, पण दाखवायला मात्र आणा, कारण आतल्या कोंबाला धक्का बसला का ते बघावं लागतं. "पडणारच आहे की तो दात" हे वाक्य मला रोज ऐकू येतं, आणि रोज मला ते खोडावं लागतं.

दाताचा तुकडा उडाला तर तो तुकडा पाण्यात घालून आणा, पुष्कळदा तोच चिकटवता येतो. तुकडा सापडला नाही तर तेही मला सांगा. तो ओठात रुतलेला असू शकतो, श्वासावाटे आत गेलेला असू शकतो. ओठ-जीभ फाटून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून दहा मिनिटं घड्याळ लावून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका.

रात्री उठणाऱ्या ठणक्याबद्दल थोडं. लवंगेचं तेल कापसावर घेऊन लहान मुलाच्या हिरडीला लावू नका, भाजलेल्या हिरड्या मी पाहिल्या आहेत. ॲस्पिरिनची गोळी दाढेत धरायला देऊ नका. मुलांना ॲस्पिरिन द्यायचंच नाही. वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल द्या, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायला सांगा, सकाळी आणा. घरातली उरलेली अँटिबायोटिक्स सुरू करू नका, कीड त्याने जात नाही. पण गाल सुजला आहे आणि ताप आहे, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली सरकते आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल. आणि सुजेवर गरम शेक अजिबात नको.

शिक्षकांना एक विनंती. कार्यालयातल्या प्रथमोपचार पेटीत सलाईनची छोटी बाटली, झाकणाचा डबा आणि जवळच्या बालदंतवैद्याचा नंबर ठेवा. ज्या मुलांचे वरचे दात पुढे आलेले आहेत त्यांना मार पटकन लागतो. ती खेळत असतील तर पालकांना माउथगार्डबद्दल, म्हणजे खेळताना दातांवर चढवायच्या मऊ कवचाबद्दल, सांगा.

आता इथे दोन प्लॅस्टिकचे जबडे आहेत, दात निघतो आणि बसतो असे. पीटीचे सर, तुम्ही आधी या. फुगीर बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे. मुळाला बोट नाही लावायचं. हं, असं. आता हळूच दाबा.