राजवाडे वाचायचे, तर प्रस्तावनांपासून

हा सोलापूरचा भुईकोट किल्ला. कधी अहमदनगरच्या निजामशाहीकडे, कधी विजापूरच्या आदिलशाहीकडे. चांदबीबीच्या लग्नात तर तो चक्क आंदण म्हणून विजापूरकरांना मिळाला. या दोन्ही शाह्यांची चाकरी शहाजीराजांनी केली. म्हणूनच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वाचू पाहणाऱ्या सोलापूरकराला आम्ही आधी सुचवू ते ‘राधामाधवविलासचंपू’, म्हणजे शहाजीराजांच्या दरबारातल्या कवीचं गद्य-पद्य मिसळलेलं काव्य.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ एकदम काढू नका. बावीस खंड आहेत, पत्रांमागून पत्रं. सवय नसलेला वाचक दहाव्या पानावरच हात टेकतो.

चंपू लिहिला जयराम पिंड्ये या कवीनं. तो शहाजीराजांच्या दरबारात आला आणि त्यानं राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा कशाला? तर, मी बारा भाषांत कविता करतो म्हणून! त्यांत कानडी आहे, दखनी मुसलमानांची बोलीही आहे. भाजी घेता घेता मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी कानावर पडणाऱ्या या शहराला त्याचं अप्रूप ते काय?

१९२२ साली राजवाड्यांनी हे काव्य छापलं आणि त्याला भलीमोठी प्रस्तावना जोडली. शहाजी म्हणजे नुसते शिवाजीमहाराजांचे वडील नव्हेत, ते स्वतः कर्तबगार पुरुष होते, हे तिथं ते हिरिरीनं मांडतात. खरे राजवाडे भेटतात ते असे प्रस्तावनांत. तावातावानं बोलणारे, जातीचा अभिमान न लपवणारे. त्यांचे कितीतरी निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढले. ते सगळं मान्य करूनही वाचावेत, कारण अस्सल कागद पुढ्यात ठेवल्याशिवाय हा माणूस बोलत नाही. आणि लिहायचं ते मराठीतच, हा त्यांचा हट्ट.

दुसरं पुस्तक ‘महिकावतीची बखर’, १९२४ चं. बखर उत्तर कोकणची. राजे बदलले तरी गावकरी थंडच का राहिले, हा प्रश्न तिच्या प्रस्तावनेत आहे. वारंवार धनी बदललेल्या या किल्ल्यासमोर तो जास्तच टोचतो. ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ मात्र सनातनी मनाला झेपणारा नाही, जपून घ्या.

‘साधनां’चे खंड त्यानंतर. पहिला १८९८ चा, वाईला सापडलेल्या कागदांचा. १७५० ते १७६१, म्हणजे थेट पानिपतापर्यंत. त्यातही आधी प्रस्तावना वाचा, मग पत्रं.