कशाने भाजलं, हे जखमच सांगते

नमस्कार श्रोतेहो.

भाजण्याचा अपघात म्हटलं की डोळ्यांपुढे पेटलेली इमारत येते. जळीत विभागात मात्र बहुतेक रुग्ण येतात ते घरातून, त्यातही स्वयंपाकघरातून. वय कळलं की कारणाचा निम्मा अंदाज येतो. नुकतं चालू लागलेलं मूल असेल तर बहुधा गरम पाणी. मोठ्या माणसांत ज्वाळा अधिक. कामावरून आलेला असेल तर वीज किंवा रसायनंही. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना गरम पाण्याची पिशवीही भाजते, आणि त्यांना ते कळतही नाही.

मुलाचंच घ्या. कडेला ठेवलेलं भांडं ते ओढतं. पाणी हनुवटी, मान, छातीवर पडतं आणि खाली ओघळता ओघळता निवतं. म्हणून जखम वर रुंद आणि खोल, पोटाकडे अरुंद आणि उथळ. अशी जखम दिसली की आईवडिलांनी सांगितलेलं पटतं. पण दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे सारखेच भाजलेत, कड सरळ आहे, शिंतोडा एकही नाही, तर डॉक्टर पुन्हा खोदून विचारतात. विचारायलाच हवं, कारण पाय कुणी गरम पाण्यात धरून ठेवले असतील, अशी शंका येते. पाणी उकळतं असण्याचीही गरज नसते. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीसुद्धा सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते.

विजेची जखम फसवी. हातावर एक काळा डाग, पायावर दुसरा, आणि मधले स्नायू आतून होरपळलेले. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून घरी थांबू नका.

दुखत नाही म्हणजे किरकोळ, हाही गैरसमजच. फार खोल भाजलं की वेदना नेणारे मज्जातंतूच जळून जातात. आणि बंद खोलीतल्या आगीतून आलेल्याचा आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस करपले असतील, तर कातडीआधी श्वासनळीकडे पाहावं लागतं. ती सुजून बंद होऊ शकते.

गरम पाण्याने किंवा ज्वाळेने भाजलेल्या जागेवर लगेच २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको, लेप नको.

दवाखान्यात कशाने भाजलं ते सांगाच, पण वेळही सांगा. जखम मोठी असेल तर शिरेतून किती पाणी द्यायचं याचा हिशेब रुग्ण दाखल झाल्यापासून नाही, भाजल्यापासून धरतात.