काना, वेलांटी आणि बेस-६४

(लातूर येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

प्राचार्य महोदय, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,

आजचा विषय पाठ्यपुस्तकात बहुधा एका परिच्छेदात आटोपतो. छायाचित्र, ध्वनिमुद्रण, पीडीएफ, स्वाक्षरीची प्रतिमा अशी बाइटांच्या रूपातली माहिती साध्या अक्षरांत लिहायची आणि त्या अक्षरांवरून मूळचे बाइट जसेच्या तसे परत मिळवायचे, एवढेच हे काम. ब्राउझरमध्ये त्यासाठी फार पूर्वीपासून दोन फंक्शन आहेत: बाइटांकडून अक्षरांकडे नेणारे बी-टू-ए आणि उलट दिशेने आणणारे ए-टू-बी. इंग्रजी मजकूर दिला की ती निमूटपणे चालतात, मराठी दिला की अडतात. आणि ती का अडतात हे ज्याला नीट कळले त्याला हा सगळा विषय कळला, असे माझे मत आहे. आपल्या हातात या क्षणी बाइट आहेत की अक्षरे, हा प्रश्न इंग्रजीत लिहिणाऱ्याला अनेक वर्षे टाळता येतो. मराठीत लिहिणाऱ्याला तो पहिल्याच ओळीला विचारावा लागतो.

मुळात ही गरज का पडली ते आधी पाहू. इंटरनेटवरील टपालाचे नियम १९८२ मध्ये ठरले तेव्हा त्या वाटेवरून सात बिटांची अक्षरे, म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि विरामचिन्हे, एवढीच जातील असे गृहीत धरलेले होते. आठ बिटांचा बाइट त्या वाटेवर टाकला तर मधले एखादे यंत्र त्याचा वरचा बिट कापून टाकण्याची शक्यता होती. १९८० मध्ये बर्कले येथे मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी यूयूएन्कोड हा उपाय लिहिला, परंतु त्यात वापरलेली काही चिन्हे सर्व यंत्रांवर सारखी टिकत नसत. म्हणून पुढे १९८७ च्या सुरक्षित टपालाच्या मसुद्यात आणि त्यानंतर १९९६ च्या माइमच्या, म्हणजे टपालातून चित्रे-फाइल पाठवण्याच्या, नियमांत, जी अक्षरे जवळपास प्रत्येक यंत्रावर अबाधित राहतात अशी चौसष्ट निवडली गेली: मोठी इंग्रजी अक्षरे २६, लहान २६, अंक १०, आणि शेवटी + आणि / ही दोन चिन्हे. २००६ च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेटच्या नियमपत्राने ही पद्धत एकत्रित मांडली. तिलाच आपण बेस-६४ म्हणतो.

तिची रीत सोपी आहे. तीन बाइट म्हणजे चोवीस बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट करायचे आणि प्रत्येक गटासाठी चौसष्टांपैकी एक अक्षर लिहायचे. तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून आकार एक तृतीयांशाने वाढतो. शेवटी एकच बाइट उरला तर दोन अक्षरे आणि दोन बरोबरचिन्हे, दोन बाइट उरले तर तीन अक्षरे आणि एक बरोबरचिन्ह.

आता बी-टू-ए कडे येऊ. या फंक्शनला बाइटांची यादी देता येत नाही. ते स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची सलग माळ, मागते, आणि तिच्यातील प्रत्येक अक्षराचा क्रमांक हाच एक बाइट आहे असे मानते. म्हणून क्रमांक ० ते २५५ च्या आत असावा लागतो. युनिकोड, म्हणजे लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात ‘म’ या अक्षराचा क्रमांक २३५० आहे. देवनागरीचा सगळा संचच २३०४ पासून २४३१ पर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे बी-टू-ए ला ‘म’ दिला की ते काम थांबवते आणि अवैध अक्षराची त्रुटी दाखवते. ही त्रुटी योग्य आहे आणि ती मिळते हे चांगले आहे, असे मी मुद्दाम सांगतो, कारण अक्षर हे बाइट नव्हे हे ती आपल्याला तिथल्या तिथे बजावते. अक्षराचे बाइट कसे करायचे याचा एक करार आधी करावा लागतो. तो करार म्हणजे यूटीएफ-८, आणि ब्राउझरमध्ये तो टेक्स्टएन्कोडर पाळतो. मजकूर टेक्स्टएन्कोडरला द्यायचा, त्याच्याकडून बाइटांची यादी घ्यायची, आणि मग त्या यादीचे बेस-६४ करायचे. परत येताना आधी बाइट मिळवायचे आणि ते बाइटांची अक्षरे करणाऱ्या टेक्स्टडिकोडरला द्यायचे. हा क्रम चुकला, उलटा प्रवास ए-टू-बी पाशीच थांबवला, तर पडद्यावर मराठीऐवजी डोक्यावर तिरपी रेघ असलेले ‘ए’ अक्षर आणि त्याच्या मागोमाग ¤ हे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह अशी रांग दिसते. ती रांग आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिली आहे. तिथे मजकूर खराब झालेला नसतो. बाइट अगदी शाबूत असतात. त्यांना अक्षरे समजून छापलेले असते, इतकेच.

देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये बरोबर तीन बाइट घेते, आणि बेस-६४ तीनच बाइटांची चार अक्षरे करते. त्यामुळे मध्ये मोकळी जागा किंवा इंग्रजी विरामचिन्ह नसलेला मराठी शब्द घेतला, तर त्याच्या प्रत्येक चिन्हामागे नेमकी चार अक्षरे येतात आणि शेवटी बरोबरचिन्ह कधीच लागत नाही. त्या चौकडीची पहिली तीन अक्षरेही जवळपास ठरलेली असतात: आकडा चार, मोठा के आणि मोठा एस, किंवा एसच्या जागी मोठा डब्ल्यू. चौथे अक्षर तेवढे बदलते, आणि तेच आपले वर्ण सांगते. ‘बीड’ या शब्दात ब, दीर्घ वेलांटी आणि ड अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट आणि बारा अक्षरे. कुठल्याही नोंदीत चार-के-एस, चार-के-एस अशी माळ दिसली की ती मराठी, हिंदी अशा देवनागरीतल्या मजकुराची आहे हे न उलगडताही ओळखता येते.

यातून एक अडचण उभी राहते, आणि ती मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा पुष्कळ अधिक छळते. कान्याचे चिन्ह युनिकोडमधील आपल्या चौसष्टाच्या गटात बासष्टाव्या क्रमांकावर बसते. शून्यापासून मोजणाऱ्या बेस-६४ मध्ये बासष्टावे चिन्ह आहे अधिक, म्हणजे +. त्याच्या शेजारची ऱ्हस्व वेलांटी त्रेसष्टावी, तिचे चिन्ह तिरपी रेघ, म्हणजे /. वेबच्या पत्त्यात नेमकी हीच दोन चिन्हे धोक्याची आहेत. तिरपी रेघ पत्त्याचे भाग पाडते, आणि प्रश्नचिन्हानंतरच्या भागात आलेले अधिक चिन्ह पलीकडे मोकळी जागा म्हणून वाचले जाते. मराठीत काना नसलेले वाक्य शोधावे लागेल.

समजा, जिल्ह्याचे नाव बेस-६४ करून पत्त्यातून पाठवायचे आहे. ‘लातूर’ची पाच चिन्हे, वीस अक्षरे, आणि त्यांत कान्याचे एक अधिक चिन्ह. पलीकडे त्या चिन्हाची मोकळी जागा झाली. आता ए-टू-बी चा स्वभाव असा की मोकळ्या जागा ते मुकाट्याने गाळते, कारण टपालात लांब ओळी तोडलेल्या असत आणि त्या जोडून घेणे हे त्याचे काम होते. उरली एकोणीस अक्षरे. संख्या चाराने भागून एक उरली असती तर ए-टू-बी ने त्रुटी दिली असती. इथे तीन उरतात, म्हणून ते तक्रार करत नाही. गळालेल्या चिन्हापासून पुढचे सगळे गट एकेक जागा सरकतात. पहिला ‘ल’ शाबूत राहतो, त्याच्यापुढे योगायोगाने ‘स’ तयार होतो, आणि त्यानंतर कंस, आठचा आकडा, एक मोडके चिन्ह असा कचरा येतो. ‘लातूर’ पाठवले आणि ‘लस’ पोहोचली, तेही एकही त्रुटी न दाखवता.

‘जालना’मध्ये दोन काने आहेत, दोन चिन्हे गळाली तरी त्रुटी येत नाही. ‘धाराशिव’चीही तीच गत, शिवाय तिथे एक तिरपी रेघ आहे. ‘हिंगोली’त काना नाही, पण पहिल्याच अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आहे, म्हणजे तेच नाव पत्त्याच्या मार्गात टाकले तर तिथे तुटते. ‘बीड’ आणि ‘परभणी’ मात्र निर्धोक जातात. ‘मराठवाडा’ या शब्दात तीन काने. तिन्ही गळाले की एकोणतीस अक्षरे उरतात, चाराने भागून एक उरतो, आणि तिथे मात्र ए-टू-बी अडते. आठ जिल्ह्यांच्या यादीची चाचणी घेणाऱ्याने नेमके बीड आणि परभणी निवडले, तर त्याला सर्व काही ठीक आहे असेच वाटेल.

‘छत्रपती संभाजीनगर’ या नावात एक मोकळी जागा आहे, आणि ती एकाच बाइटाची. तिच्यापुढे तीन-तीनचा मेळ मोडतो. मग ‘भा’चा काना अधिक चिन्ह देत नाही, ते देतो शेवटून दुसरा ‘ग’. एका मोकळ्या जागेनंतर ग, य, ळ, मात्रा ही चिन्हे, त्यांच्यापुढे आणखी मराठी अक्षर असेल तर, कान्याची जागा घेतात. इथे सुदैवाने शेवटी दोन बरोबरचिन्हे आहेत आणि अक्षरांची संख्या बिघडल्यावर ए-टू-बी त्यांना स्वीकारत नाही, म्हणून चूक उघडी पडते. परंतु बरोबरचिन्हांना अनावश्यक समजून आधीच काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि तिथे प्रत्येक नावाला असा आधार मिळेलच असे नाही.

उपाय आरएफसी ४६४८ मध्येच दिलेला आहे. पत्त्यांसाठी बेस-६४ चा दुसरा प्रकार आहे, ज्यात अधिक चिन्हाऐवजी आडवी रेघ आणि तिरप्या रेघेऐवजी अधोरेखा येते. बी-टू-ए आणि ए-टू-बी यांना हा प्रकार माहीत नाही. तिथे चिन्हे आपल्यालाच बदलून घ्यावी लागतात. दुसरी दक्षता टेक्स्टडिकोडरच्या बाबतीत घ्यावी. एरवी तो मोडक्या बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन ठेवून पुढे जातो. त्याला ‘फेटल’ हा पर्याय खरा करून दिला, तर तो तिथेच त्रुटी देतो. ‘लातूर’ची ‘लस’ त्याच्या हातून सुटली नसती. माझ्या मते हा पर्याय मूळचाच खरा असायला हवा होता.

२०२५ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांच्या नव्या आवृत्त्यांत या कामाची नीट सोय झाली आहे. बाइटांच्या यादीलाच, म्हणजे यू-इंट-८-अ‍ॅरे या प्रकारालाच, टू-बेस-६४ ही पद्धत मिळाली आहे, आणि उलट दिशेसाठी फ्रॉम-बेस-६४. पत्त्यांसाठीची वर्णमाला हवी की मूळची, शेवटची बरोबरचिन्हे ठेवायची की गाळायची, उलगडताना शेवटचा गट काटेकोर तपासायचा की सैल सोडायचा, हे सारे पर्यायांतून सांगता येते. या सोयीचे मोठेपण तिच्या वेगापेक्षा तिच्या आकारात आहे असे मला वाटते: ती स्ट्रिंग घेतच नाही, बाइटच घेते. जुन्या पानांत एन्कोडयूआरआयकंपोनंट आणि अनएस्केप यांची साखळी लावून बी-टू-ए ला मराठी गिळायला लावण्याची जी युक्ती दिसते, ती चालते. पण ती का चालते हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि अनएस्केप हे फंक्शन नव्या लेखनात वापरू नये असे सांगितलेले आहे. नवी पद्धत नसलेल्या जुन्या मोबाइलसाठी बाइट एकेक करून स्ट्रिंगमध्ये उतरवणारी साधी आवर्तने लिहावीत. सगळी यादी एका दमात, क्रमांकांची स्ट्रिंग करणाऱ्या फ्रॉमकॅरकोडला दिली तर छोट्या मजकुरावर ती चालते आणि मोठ्या छायाचित्रावर कोसळते, कारण एका फंक्शनला किती घटक देता येतात यालाही मर्यादा आहे. तुकडे करून बेस-६४ करणार असाल, तर प्रत्येक तुकड्याची लांबी तीनाच्या पटीत ठेवा; नाहीतर बरोबरचिन्हे मजकुराच्या मधोमध येतील.

छायाचित्रांबद्दल थोडे बोलतो, कारण तुमच्यापैकी अनेक जण प्रकल्प म्हणून शेतकऱ्यांसाठी अर्ज भरण्याची पाने तयार करतात. अतिवृष्टीने सोयाबीन गेले, शेतकरी शिवारातूनच मोबाइलवर फोटो काढून पाठवणार. पुष्कळ जण तो फोटो फाइलरीडरने डेटा-यूआरएल करून, म्हणजे बेस-६४ करून, जेसन या माहिती पाठवण्याच्या मजकूर-रूपात कोंबतात. ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो. शहरातल्या प्रयोगशाळेत हा फरक जाणवत नाही. जिथे मोबाइलचे एकच दांडके दिसते तिथे याच वाढीव एक एमबीपायी अर्ज अर्ध्यावर तुटतो, आणि तो भार आपण विनाकारण घातलेला असतो. फॉर्मडेटा या ब्राउझरच्या सोयीतून फाइल जशीच्या तशी, बाइटांच्या रूपातच पाठवता येते. कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्रफलकावर, फोटो लहान करायचा झाला तर टू-डेटा-यूआरएलऐवजी टू-ब्लॉब वापरावे, म्हणजे बेस-६४ मध्ये येतच नाही. वाट बाइट नेऊ शकत असेल तर बाइटच न्यावेत. छोटे चिन्हचित्र शैलीपत्रकात बसवणे, टपालाला जोडपत्र लावणे, जेसनमध्ये लहानशी स्वाक्षरी ठेवणे, अशा ठिकाणी बेस-६४ शोभते.

शेवटचा मुद्दा गोपनीयतेचा. बेस-६४ ला किल्ली नसते. एचटीटीपीच्या मूलभूत ओळखतपासणीत नाव आणि पासवर्ड बेस-६४ होऊन जातात, आणि मधल्या वाटेवर सांकेतिकरण नसेल तर ते कोणीही वाचू शकतो. लॉग-इननंतर ओळखपत्रासारख्या मिळणाऱ्या नेहमीच्या जेडब्ल्यूटी टोकनाचा मधला भागही असाच उघडा असतो. त्याच्यावरची सही तो बदललेला नाही हे सांगते, तो झाकत नाही. अर्जदाराचा आधार क्रमांक किंवा बँक खाते बेस-६४ करून साठवले आणि ते सुरक्षित झाले असे मानले, तर आपल्यावर विसंबलेल्या माणसाची आपण फसवणूक करतो. झाकायचे असेल तर ब्राउझरमध्ये वेब क्रिप्टो ही वेगळी सोय आहे. तिला मजकूर देण्याआधी टेक्स्टएन्कोडरने त्याचे बाइट करावे लागतात, तिच्यातून बाहेर येतात तेही बाइटच, आणि ते जेसनमधून पाठवायचे असतील तर बेस-६४ त्यानंतर, अगदी अखेरीस चढवावे.